लेबलवरच्या रेघा

जुन्या रेकॉर्डची पारख करणं हे काही भुताखेतांशी गाठ पडावी असं काम नव्हे. पाकिटातून तबकडी अलगद काढायची, दिव्याखाली तिरकी धरायची, चरे बघायचे आणि 'कोरी', 'उत्तम', 'बरी' यांतली एक चिठ्ठी चिकटवायची, संपलं. उभी हयात यातच गेल्यामुळे त्या माणसाला सगळे पारखीच म्हणत. त्याची चिठ्ठी लागली की घेणारा पाकीट उघडूनही बघत नसे. या एका गोष्टीवर त्याचं दुकान चालत होतं आणि नाकही वर होतं.

एका घरी जुन्या रेकॉर्ड विकायला काढल्याचं कळलं, तिथेही तो असाच सहज गेला. वरच्या मजल्यावर काकू एकट्याच राहत. नवरा गेल्यावर त्या बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या, त्याआधी काकांच्या रेकॉर्डची खोली रिकामी व्हायला हवी होती. खोलीत औषधाचा, ओलसर पुठ्ठ्याचा वास कोंडला होता. पण माल बघून पारख्याचे डोळे दिपले.

तबकडी किती वाजली आहे हे तो लेबलवरून ओळखे. प्लेअरवर ठेवताना मधलं भोक खुंटीवर एका फटक्यात बसत नाही. माणूस ती इकडेतिकडे सरकवतो आणि खुंटीच्या टोकाने भोकाभोवती केसासारख्या रेघा उठतात. इथे मात्र एकाही लेबलवर रेघ नव्हती. पारख्याने धडाधड 'कोरी'च्या चिठ्ठ्या लावल्या आणि एका खडूस संग्राहकाला शब्द देऊन टाकला.

उरलेलं काम आटपायला तो दुसऱ्या दिवशी गेला, तर वरच्या फळीवर, त्याचीच चिठ्ठी लागलेल्या तबकड्यांवर रेघा होत्या. त्याने चष्मा पुसला, भिंग लावलं, दिवा बदलला. रेघा काही हलेनात. चरफडत त्याने चिठ्ठ्या सोलून 'उत्तम'च्या लावल्या आणि संग्राहकाला तसं कळवलं. पारख्याचीच नजर गेली की काय, असं संग्राहकाने खवचटपणे विचारलं. आणखी एक जरी चिठ्ठी फिरली तर सौदा रद्द, आणि का रद्द तेही आपण चारचौघांत सांगू, असंही वर ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता दुसरी फळी. पारख्याचं डोकंच फिरलं. आपण इथे डोळे फोडून घ्यायचे आणि मागून कुणीतरी येऊन मजेत गाणी ऐकायची, हा काय खेळ आहे, असं तो काकूंना बरंच काही बोलला. काकू म्हणाल्या, घरात दुसरं कुणी येत नाही, आणि प्लेअर तर कधीच विकला.

"ह्यांनीच विकायला लावला," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी दिसायचं बंद झालं होतं ना. म्हणाले, आंधळ्या हाताने एखादीला चरा पडला तर मला सोसणार नाही."

पारख्याने हातातल्या लेबलकडे पुन्हा पाहिलं. रेघा धसमुसळ्या हाताच्या नव्हत्याच. लेबलच्या कडेपासून निघून त्या हळूहळू, चाचपत, वळसे घेत भोकाकडे सरकल्या होत्या. तबकडी त्याने घाईने पाकिटात सारली. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रात्री पाकिटं सरकल्याचा आवाज येतो..." काकू खाली बघत म्हणाल्या. "मी दार उघडत नाही."

"मग आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता?"

पारख्याने कपाळावर हात मारला. रेघा पडलेल्या तबकड्या वेगळ्या काढल्या, त्यांचे पैसे मी तुम्हाला भरून देतो म्हणाला, आणि बाकीचा सगळा माल त्याच दिवशी खोक्यांत भरून आपल्या दुकानात हलवला. जाड लाकडी दार, दारातच बसवलेलं, आतून-बाहेरून लागणारं पितळी कुलूप, किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

सकाळ होताच त्याने दुकान गाठलं आणि एकेक लेबल भिंगाखाली घातलं. एकही रेघ नव्हती. त्याला एवढं हायसं वाटलं की तो खुर्चीत बसून एकटाच हसला. दुपारी संग्राहकाची गाडी आली, खोकी गेली, आणि माल चिठ्ठीबरहुकूम मिळाल्याचा फोनही आला. शब्द राहिला होता. काकूंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, काल कित्येक दिवसांनी घरात काही वाजलं नाही, मला गाढ झोप लागली. बरं झालं, असं म्हणून पारख्याने फोन ठेवला. कुणी झोपमोड करायला नको म्हणून दुकानाच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि तो तिथेच आडवा झाला.

खरवडल्यासारख्या आवाजाने त्याला जाग आली. उंदीर असेल, या वैतागात तो उठून दारापाशी गेला. तिरकं ऊन कुलपाच्या पितळी पत्र्यावर पडलं होतं. किल्लीच्या भोकाभोवती केसासारख्या बारीक, गोल गोल रेघा होत्या. दाराच्या आतल्या बाजूने.

खोकी दिवसाढवळ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. पण ज्याला दिसतच नाही, त्याला ती गेल्याचं कसं कळावं?

पारखी बघत असतानाच पत्र्यावर आणखी एक रेघ उमटली. कडेपासून निघाली, चाचपत वळली आणि भोकापाशी येऊन थांबली. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. किल्ली त्याच्याच हातात होती, पण ती त्या भोकाजवळ न्यायला त्याचा हात पुढे होईना.