झोपलेल्या कानाची सनद

उस्ताद इद्रीस खतीब यांच्या उजव्या हाताचा अंगठा आता हलत नसे.

पूर्वी एखादे अवघड वाक्य आठवायचे झाले की तो अंगठा तर्जनीच्या कडेवर हळूहळू घासू लागे, बाजारात कापडाचा पोत तपासावा तसा. वाक्य सापडले की थांबे. ही लकब उस्तादांना स्वतःला ठाऊक नसावी. डॉ. नाहीद मुकादमला मात्र ती चौदाव्या वर्षापासून ठाऊक होती. मेंदूविज्ञान ती नंतर शिकली, पण माणूस आठवण शोधतो म्हणजे काय करतो, हे तिने पहिल्यांदा त्या अंगठ्यावरून ताडले होते.

काचेपलीकडे उस्ताद तपासणीच्या खुर्चीत बसून वनस्पतींची अरबी नावे एकामागून एक सांगत होते. न अडखळता. अंगठा मांडीवर निवांत पडलेला होता.

"ऐंशी वर्षांचा माणूस बघ," शेजारी उभे असलेले सुहास गद्रे म्हणाले. "मला काल गाडीची किल्ली सापडेना. मीच बसवून घ्यावा म्हणतो एक सेतू."

गद्रे अभियंते होते. रत्नागिरीच्या या मज्जासंवाद प्रयोगशाळेत 'स्मृतिसेतू' त्यांनी आणि नाहीदने मिळून घडवला होता. कानामागे त्वचेखाली बसणारी तांदळाएवढी चकती. दीड वर्षापूर्वी ती उस्तादांना बसवली, तेव्हा ते मशिदीतून घरी यायचा रस्ता विसरू लागले होते.

"सुहास, एक विचारू? सेतू नेमका कुठे कुठे मदतीला आला, हे आपल्याला मागे जाऊन काढता येईल?"

"कसं काढणार? तूच तर मांडलंस हे सगळं." गद्र्यांनी खुर्ची ओढून घेतली. "माणूस आठवू लागला की मेंदूत एक लहर उठते. वाट सापडली नाही की ती लहर अडखळते. सेतू ती अडखळ ओळखतो आणि साठ्यातला पुढचा धागा हातात देतो. हे इतक्या झटपट होतं की आपण अडखळलो होतो हेच माणसाला कळत नाही. आणि एकदा दिलेला धागा मेंदू स्वतःच्या विणीत घालून टाकतो. पुढच्या वेळी तो स्वतःहूनच आठवतो. मग आपलं कुठलं नि पुरवलेलं कुठलं, काय सांगणार?"

"आणि पुरवलेला धागाच चुकीचा असेल तर?"

"तर चुकीचं आठवेल. अगदी खात्रीने आठवेल." गद्रे हसले. "पण यांचा साठा चुकीचा कसा असेल? तुझ्याच आवाजात आहे ना सगळा. तुझ्यापेक्षा खात्रीची शिष्या कुठून आणायची होती?"

काचेपलीकडे उस्तादांनी तपासणी संपल्याचे पाहून हात वर केला आणि चहाची खूण केली.

*

उस्तादांकडे असलेला ग्रंथ तसा दुर्मीळ नव्हता. येमेनच्या किनाऱ्यावरील एका वैद्याने चारशे वर्षांपूर्वी लिहिलेला तो वनस्पतिकोश. त्याच्या प्रती जगातल्या अनेक ग्रंथालयांत होत्या. दुर्मीळ होत्या त्या तोंडी टिपा. प्रत्येक वनस्पतीमागे वैद्याने एक टीप सांगितली होती आणि अट घातली होती, की ती गुरूने सांगावी, शिष्याने ऐकावी. कागदावर उतरेल ती माझी नव्हे. उस्तादांनी तरुणपणी येमेनमधल्या जबीद शहरात या टिपा ऐकल्या. आता त्या मालिकेत सगळ्या टिपा ठाऊक असलेले ते एकटेच उरले होते. ध्वनिमुद्रण त्यांच्या लेखी कागदच होता, म्हणून त्यांनी तेही कधी करू दिले नाही.

त्यांच्या बैठकीचा एक नियम होता. पूर्वीच्या विद्वानांच्या बैठकांत कोण हजर होते, एवढेच पाहत नसत. कोण पेंगले, कोण शेजाऱ्याशी बोलत होते, हेही पाहत. उस्ताद तेच करीत. ग्रंथाचा शेवटचा खंड ते सांगत होते, तेव्हा नाहीद वैद्यकीय परीक्षेचे जागरण करून आली होती आणि भिंतीला टेकून झोपली होती. ती जागी झाली तेव्हा बैठक संपली होती.

"आधीचे खंड शिकवायची सनद देतो," उस्ताद म्हणाले होते. "शेवटच्याची नाही. झोपलेल्या कानाला सनद नसते, बेटा. पुन्हा सांगेन तेव्हा ये."

ते पुन्हा सांगणे राहून गेले. त्या बैठकीतले बाकीचे म्हातारे श्रोतेही एकेक करून गेले. तिचे शिक्षण, परदेश, नोकरी, आणि मग त्यांचे विसरणे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवले. "आमच्या शास्त्रात एक शब्द आहे, इख्तिलात. म्हातारपणी विद्वानाच्या आठवणींत भेसळ होते. त्याआधी ऐकलेलं चालतं, नंतरचं चालत नाही. मुलं बापाला घरात कोंडून ठेवायची, पण शिष्यांसमोर येऊ द्यायची नाहीत. ती बापाची अब्रू राखत होती असं लोकांना वाटतं. ती ग्रंथाची राखत होती." मग म्हणाले, "माझ्यात भेसळ झाली असं तुला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी बसलेल्या सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या कानात नाही. मी तेव्हा रागावेन बहुतेक. तरी सांगायचं."

तिने मान डोलावली होती.

सेतूचा साठा भरण्यासाठी रुग्णाला हलक्या गुंगीत ठेवून त्याच्या माहितीतल्या गोष्टी ऐकवाव्या लागत. त्या ऐकताना मेंदूत उठणाऱ्या लहरी सेतू टिपून घेई. नातवंडांची नावे, घराचा रस्ता, नमाजातल्या आयती. तेवढ्यावर भागले असते. पण नाहीदला वाटले, ग्रंथ गेला तर या माणसाचे उरणार काय? उस्तादांना न विचारता तिने सगळ्या टिपा स्वतःच्या आवाजात भरल्या. शेवटच्या खंडाशी येऊन ती अडली. झोपेत कानावर पडलेले काही तुकडे, इतर खंडांवरून बांधलेले अंदाज, जिथे काहीच नव्हते तिथे शोभेल असे काहीतरी. हा नुसता धक्का आहे, तिने स्वतःला समजावले. गाडी सुरू झाली की ते स्वतःच्या वाटेने जातील आणि माझ्या चुका दुरुस्त करतील.

दीड वर्ष तिने हेच धरून ठेवले. त्या काळात उस्ताद पहिल्या खंडांचे पाठ देत होते, ते बिनचूक होते, आणि त्या आधाराने तिला गप्प राहता आले.

आज मात्र शेवटचा खंड होता.

*

बैठक ग्रंथालयाच्या माडीवर होती. नऊ श्रोते. त्यांत परदेशातल्या तेत्वान शहराहून आलेल्या डॉ. बुशरा होत्या, अरबी वनस्पतिशास्त्राच्या इतिहासकार. गुडघे दुखत असूनही खुर्ची नाकारून त्या सतरंजीवर बसल्या होत्या. बैठक संपताच उस्ताद नऊ जणांना सनद देणार होते. म्हणजे पुढे हे नऊ जण 'मी इद्रीस खतीबांकडून ऐकले, त्यांनी जबीदच्या गुरूंकडून' असे म्हणत शिकवणार होते. नववी नाहीद होती.

"तू डोळ्याला पाणी लावून आलीस ना?" उस्तादांनी तिच्याकडे पाहत सर्वांदेखत विचारले. "मागच्या वेळी हिच्या घोरण्याने आमचे अर्धे शब्द वाया गेले."

सगळे हसले. बुशराबाईंना अर्थ सांगितल्यावर त्याही हसल्या.

सुरुवात करण्यापूर्वी बाईंनी अदबीने विचारले, "उस्ताद, कालच्या कोरफडीच्या टिपेत तुमच्या गुरूंनी मध घालायला सांगितला होता ना?"

ही परीक्षा नाहीदला ठाऊक होती. वृद्ध गुरूच्या हाती मुद्दाम चुकीचा धागा द्यायचा. त्याने तो तसाच उचलला तर त्याच्याकडून ऐकणे थांबवायचे. तल्कीन म्हणत त्याला.

"मध तुम्ही घरून आणलात, बाई," उस्ताद म्हणाले. "माझ्या गुरूंच्या घरी मीठच होतं."

बुशराबाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली. त्यांची खात्री पटली होती.

उस्ताद सांगू लागले. खंड खाडीकाठच्या वनस्पतींचा होता. नाहीद एकेक टीप ऐकत होती आणि मनात पडताळत होती. ही माझी. ही त्यांची असू शकेल. ही माझीच, पण कदाचित झोपेत खरेच ऐकलेली असेल. अंगठा मांडीवर स्थिर होता.

मग तिवर आले. भरतीच्या पाण्यात उभे राहणारे ते झाड.

"याच्या ओल्या लाकडाला," उस्ताद म्हणाले, "होडीत झोपणाऱ्या माणसाच्या उशीचा वास असतो."

बुशराबाईंचे डोळे मिटले होते आणि ओठ ते वाक्य पुन्हा म्हणत होते.

ती उशी नाहीदच्या वडिलांची होती. ते हर्णैच्या एका होडीचे प्रमुख, तांडेल होते, आणि समुद्रावरून परतले की त्यांची उशी अंगणात वाळत घालायचे काम तिचे असे. तिवराच्या टिपेतले तिच्याजवळ काहीच नव्हते, तेव्हा गुंगीत पडलेल्या उस्तादांच्या कानाशी बसून तिने ती उशी अरबीत आणली होती.

"जबीदला," उस्ताद हळूच म्हणाले, "माझे गुरू या वाक्याशी आले की थांबायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला अजून दिसतात ते."

वाक्य नाहीदने दिले होते. ते पाणी तिने दिले नव्हते. उपऱ्या वाक्याला मुळे हवी होती, म्हणून उस्तादांच्या मेंदूने आपल्या सर्वांत प्रिय माणसाच्या डोळ्यांत ते रुजवले होते. बाहेरून आलेली तल्कीन त्यांनी हसत परतवली. कानामागे बसलेली त्यांना ऐकूही आली नाही.

"चहा घेऊ," उस्ताद म्हणाले. "मग थोडंच उरलंय."

*

इतर जण गॅलरीत गेले. नाहीद कप घेऊन उस्तादांजवळ बसली. गप्प राहिले तर काय होईल, याचा ती शांतपणे हिशेब करीत होती. नऊ सनदा. बुशराबाई तेत्वानला शिकवतील, त्यांचे विद्यार्थी आणखी कुठे. मालिका अखंड दिसेल. बोलले तर शेवटचा खंड इथे, या माडीवर संपेल, आणि समोरच्या माणसाला उरलेल्या आयुष्यात पुन्हा कुणी काही विचारणार नाही. ही टीप खरी, ती खोटी, असे निवडूनही देता येणार नव्हते. गद्र्यांनी सकाळीच सांगितले होते.

"उस्ताद, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून काही सांगितलं होतं. आठवतं?"

उस्तादांनी कप खाली ठेवला. त्यांची नजर खिडकीकडे गेली.

आणि अंगठा हलला. तर्जनीच्या कडेवर हळू, मग जोराने. दीड वर्षात पहिल्यांदा. नाहीदला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच त्याचा अर्थ कळला. सेतूजवळ या जागी देण्यासारखे काही नव्हते. तिने सगळे भरले होते: रस्ता, आयती, उशी. ती एक आज्ञा तेवढी भरली नव्हती. आपण विसरलो असे तिने तेव्हा मानले होते.

अंगठा बराच वेळ घासत राहिला आणि थांबला. त्यांना काही सापडले नव्हते.

"नाही, बेटा," उस्ताद म्हणाले. "मला माहीत नाही. काय सांगितलं होतं मी?"

त्यांचा चेहरा मोकळा होता. माहीत नसलेल्या गोष्टीला ते पूर्वीही असेच उत्तर देत, आणि नाहीद त्याचसाठी त्यांची शिष्या झाली होती. हे उत्तर कुणी पुरवलेले नव्हते.

"सांगते," ती म्हणाली. "पण तुमच्या कानात नाही सांगायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

श्रोते परत येऊन बसले. बुशराबाईंनी तिच्यासाठी शेजारी जागा केली. नाहीद बसली नाही. ती भिंतीपाशी गेली, ज्या भिंतीला टेकून ती एकदा झोपली होती, आणि तिथून उस्तादांकडे तोंड करून उभी राहिली.

"आता कशाला उठलीस?" उस्ताद म्हणाले. "पुन्हा झोप येतेय?"

दोघे-तिघे हसले. ते हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग प्रत्येकाला समजेल अशा सावकाश अरबीत बोलू लागली.

"मी नाहीद, हर्णैच्या तांडेलाची मुलगी. उस्ताद इद्रीस खतीब खरे आहेत, आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्याकडून जे कुणी ऐकलं ते खरं आहे. त्यानंतर ऐकलेलं कुणीही त्यांच्या नावावर सांगू नये. त्यांच्या आठवणींत भेसळ आहे, आणि ती म्हातारपणाने नाही, मी केली आहे. आज ऐकलेला खंड त्यांनी माझ्याकडून ऐकलाय, जबीदहून नाही. मी तो झोपेत ऐकला होता, आणि त्यांनाही झोपेतच ऐकवला. झोपलेल्या कानाला सनद नसते. मला देऊ नका, आणि यांच्यापैकीही कुणाला देऊ नका."