बुजवलेलं छिद्र

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. कार्यशाळेच्या खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. पंखा बंद होता, कारण खापरांची भुकटी उडते म्हणून तो आम्ही लावतच नाही. मी एका मडक्याला प्लास्टर भरत होते.

माझं काम खापरं जोडायचं. जुन्या थडग्यांतली भांडी संग्रहालयात येतात ती पिशव्यांमधून, तुकडे होऊन. ती धुवायची, कडेला कड लावून पाहायची, चिकटवून वाळूच्या परातीत उभी करायची. जो तुकडा हरवला असेल त्याच्या जागी प्लास्टर. हे मडकं लहानसं होतं, अरुंद तोंडाचं, एका पुरुषाच्या सांगाड्याच्या उजव्या हाताशी सापडलेलं. सगळं जुळलं होतं. फक्त तळाला अंगठा जाईल एवढं छिद्र राहिलं होतं.

"बाई, तुमच्याकडे दिलं तर माणूससुद्धा जोडून द्याल," आमचा फोटोग्राफर दारातून म्हणाला.

"आधी सगळे तुकडे तर आण," मी म्हटलं.

छिद्र बुजवलं आणि फोन वाजला. नवऱ्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातून होता. तो फळ्यांना टेकून बसला होता म्हणे, जरा दमलोय म्हणाला. उठलाच नाही.

दिवसकार्य आटोपून कामावर परतले तेव्हा मडकं होतं तिथेच होतं. कार्यशाळेची किल्ली माझ्याच पर्समध्ये राहून गेली होती, त्यामुळे मधल्या काळात आत कुणी आलं नव्हतं. प्लास्टर पाव तासात घट्ट होतं. मी बोट लावलं तर ते गार आणि ओलं होतं.

दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा आमच्याकडे असतो. तो आत घालून पाहिलं. प्लास्टरवर आतल्या बाजूने अंगठ्याचा ठसा होता. त्या तोंडातून माझी दोन बोटंही धड जात नाहीत. ठसा रुंद होता आणि त्याच्या मधून एक तिरपी रेघ गेली होती.

माझ्या नवऱ्याचा अंगठा पटाशीने कापला होता, लग्नाआधी. व्रण राहिला होता, तिरपा.

मी आरसा पुसून ठेवला. कुणाला काय सांगणार? घरात माणूस गेलं की दिसतं काहीबाही, असंच म्हणाले असते. मीही तेच म्हणत होते. पण हात कशात ठरेना. उगाच ब्रश धुतले, धुतलेले पुन्हा धुतले.

दुपारी उत्खनन करणारे सर आले. त्यांनी मडकं उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, छिद्र बुजवलंत?"

"तुकडा हरवला होता ना, सर."

"हरवला नव्हता. मुद्दाम पाडलं होतं ते. आतून बाहेर, एका घावात. थडग्यांच्या त्या टेकडीवरच्या सगळ्याच भांड्यांना आहे, आत्ता कुठे ध्यानात आलं. माणसाबरोबर द्यायचं ते भांडं आधी मारायचे."

"का?"

"खरं कारण कोण सांगणार? मला वाटतं, धड भांडं जिवंत माणसांचं. ते तसंच राहिलं तर गेलेल्याला वाटायचं... घरी अजून आपली वाट पाहतायत."

बोलता बोलता त्यांनी काठावर नख वाजवलं. जोडलेलं भांडं बद्द वाजतं. हे खणखणीत वाजलं. सरांनी हात मागे घेतला.

"हे... जोडलेलंच आहे ना?"

घरी नणंद राहायला आली होती. संध्याकाळी भाजी निवडताना ती खाली बघत म्हणाली, "वहिनी, पहाटे तू उठली होतीस?"

"नाही गं."

"कप वाजत होता. दादा वाजवायचा तसा..."

चहा संपला की तो कपाच्या काठावर नखाने टिचकी मारायचा. एकदा मारली की अर्धा कप आणखी हवा. त्या कपाचा कान तुटला होता तेव्हा मीच तो संग्रहालयातल्या गोंदाने चिकटवला होता. "आता हा हजार वर्षं टिकेल," तो म्हणाला होता. "माझी हमी नाही."

मी फडताळ उघडलं. कप मी पालथा ठेवला होता. तो सुलटा होता, आणि तळाशी ओल होती.

"तू काही घेतलंस का यातून?"

"नाही," नणंद म्हणाली. मग ती भाजी तशीच टाकून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून मी मडक्याचं प्लास्टर काढायला घेतलं. इतके दिवस ओलं राहिलेलं ते, पहिल्याच ठोक्याला कोरडी भुकटी होऊन टेबलावर सांडलं. ठसाही गेला. मी नख वाजवून पाहिलं. बद्द. जसं वाजायला हवं तसं. सर हसले, फोटोग्राफरने फोटो काढला. मी मात्र ती भुकटी बराच वेळ पुसली नाही.

घरी नणंदेची बॅग भरून तयार होती. "वहिनी, त्या कपाचं एकदा करून टाक," ती म्हणाली. मडक्याचं मी तिला सांगितलं होतं. "त्याचे हाल नको करूस. तोही अडकेल, तूही."

"करते," मी म्हटलं, आणि खरंच करणार होते.

ती गेल्यावर नवऱ्याच्या पेटीतलं गिरमिट काढलं. लाकडाला भोक पाडायचं, मुठीचं. मूठ त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली. ओट्यावर फडकं अंथरलं, कप पालथा घातला आणि टोक बरोबर मधोमध टेकवलं. आता फक्त पीळ द्यायचा होता.

तेवढ्यात टिचकी वाजली. पालथ्या कपाच्या आतून. एकदाच.

मी थांबले. कान देऊन उभी राहिले. पुन्हा काही वाजलं नाही; तो कधीच दोनदा मागायचा नाही.

मी गॅसवर आधण ठेवलं. अर्ध्या कपाचं.

याला बरेच दिवस झाले. नणंद फोनवर विचारते आणि मी विषय बदलते. गिरमिट ओट्यावरच आहे. कपाला छिद्र पाडायचं राहिलं आहे.