मांडवाखालची बाग

सुलतान बाजारातल्या एका गच्चीवरची बाग नाहीशी झाली आहे, असं उपग्रहाचं म्हणणं होतं. उपग्रह सहसा खोटं बोलत नाही. त्याला तेवढी सवड नसते. हैदराबाद किती पसरलं आणि हिरवळ किती उरली याचा नकाशा करणारा पुण्याचा उदय त्यामुळे एका दुपारी खात्री करायला जिना चढला.

दार प्रियदर्शिनीनं उघडलं. त्या डोळ्यांसाठी त्याच्या नकाशात खूण नव्हती.

"तुमची बाग कुठे गेली?" त्यानं विचारलं. नमस्कार राहूनच गेला.

"आधी तुम्ही कुठून आलात ते सांगा."

त्यानं टॅब पुढे केला. "मागच्या महिन्यात इथं लाल होतं, बघा."

"लाल? आमची बाग तर हिरवी आहे."

"जिवंत पान या चित्रात लाल दिसतं. आता सगळं करडं आहे. म्हणजे... सिमेंट."

"हौ का," म्हणत ती त्याला वर घेऊन गेली.

गच्चीभर मांडवाचं कापड ताणलेलं. खाली कढीपत्ता, डाळिंब, मोगरा — सगळे पिवळे पडून बसलेले.

"माझा साखरपुडा होणार होता," ती म्हणाली. "मुलाकडचे म्हणाले, जरा विचार करतो. महिना झाला, विचारच चाललाय. बाबांना वाटतं, येतील. म्हणून मांडव तसाच."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं... मोगरा मरेल."

उदय गोंधळला. नकाशात दोनच रकाने होते, हिरवळ नाहीतर बांधकाम. वाट बघणं कशात भरायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"कापड निघालं तर हिरवळ लिहिता येईल," तो चाचरत म्हणाला. "पण तुमचे बाबा—"

"त्यांचं मी बघते. तुम्ही ती दोरी सोडा."

त्यानं सोडली, अर्थात चुकीची. अर्धा मांडव त्याच्याच डोक्यावर आला. कापड बाजूला करताना ती हसली, तेव्हा आपण कुठल्या शहरात आहोत हे त्याला क्षणभर आठवेना.

"उपग्रह परत कधी येतो?"

"पाच दिवसांनी."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्याबरोबर नाही येत. म्हणजे... उद्या आलो तर?"

"या. मोगऱ्याला पाणी घाला. नकाशा नक्को."

एवढ्यात खालून तिच्या बाबांचा, एकनाथरावांचा, आशाळभूत आवाज आला. "प्रिया, मुलाकडचं कोणी आलंय का गं?"

तिनं उदयकडे नीट पाहून घेतलं.

"आलंय, बाबा. पण दुसऱ्याच मुलाकडचं."

उदयनं वळून जिन्याकडे पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं. मग हळूहळू त्याचे कान लाल होत गेले.

"जिवंत आहात म्हणायचं," ती म्हणाली आणि दुसरी दोरी सोडू लागली.