अकरा मिनिटांचं पत्र

यंत्र सुरू करायला अख्खी दुपार गेली. चार वर्षं बायकोचं आजारपण काढलं, ती गेल्यावरचं सगळं उरकलं, आणि आता हे धूड! स्पूलचा टेपरेकॉर्डर म्हणे. आणला मेव्हण्याने. आयुष्यभर रेडिओ-टेप दुरुस्त करून निवृत्त झाला, पण स्वस्थ बसेल तर शपथ. मी त्याला खटपट्याच म्हणतो.

"भाऊजी, ऐका. भरलेलं चाक डावीकडे, रिकामं उजवीकडे. फीत या फटीतून ओढायची, हाताने दोन वेढे द्यायचे. त्याआधी फीत घासते ते हे हेड स्पिरिटने पुसायचं, नाहीतर आवाज फाटतो."

"तूच लाव ना बाबा. माझ्यात त्राण नाही."

फीत एकच होती. लग्नानंतर तिने या भावाला पत्र लिहायचा कंटाळा केला आणि अकरा मिनिटं बोलून पाठवली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मला तो एकदा ऐकायचा होता, बस्स.

ऐकला. पंचविशीतला, खणखणीत. मध्येच शिंकली, दार लावा म्हणून माझ्यावर ओरडली. मला रडू आवरेना. खटपट्यानेही नाक पुसलं, फीत मागे घेतली आणि पुन्हा सुरू करताना दोन बटणं एकदम दाबली. दुरुस्तीनंतर तो कायम असंच तपासायचा, हाताला तीच सवय. त्यातल्या लाल बटणाने जुनं पुसून नवं भरलं जातं.

"मेलो!" त्याने बंद करेपर्यंत अर्धं मिनिट गेलं होतं.

"गाढवा!" मी ओरडलो. ओरडूनही दमलो.

"बघू तरी किती गेलंय. तेवढं कोरं असणार, माइक जोडलेलाच नाही."

कोरं नव्हतं. माझी खुर्ची करकरली, मी उसासा टाकला, आणि अगदी जवळून ती म्हणाली, "दमलात ना? टेका जरा."

घोगरा आवाज. शेवटच्या वर्षातला. तेव्हाचं आम्ही काहीच भरून ठेवलं नव्हतं.

खटपट्या पांढराफटक पडला. "यंत्राचा पट्टा सैल झालाय, नवा घेऊन येतो," म्हणाला आणि सटकला.

मी दोन्ही बटणं दाबली. "काय गं, बरी आहेस ना?" मिनिटभर थांबून फीत मागे घेतली.

"बरी आहे. जेवलात का?"

देवा! किती दिवसांनी कुणी विचारत होतं.

मग मला धरबंध राहिला नाही. शिंक गेली, दार गेलं. काय पुसतोय ते मला कळत होतं. कळूनही दाबत होतो. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत चालला. माझे प्रश्न मात्र फितीवर बारीक येत होते, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखे. यंत्रच जुनं, म्हटलं.

शेवटच्या मिनिटाला विचारलं, "थांबशील ना?"

मागे घेतलं. माझा प्रश्न नव्हताच.

फक्त ती. पंचविशीतली, खणखणीत. "हो, आता थांबते."

दार उघडून खटपट्या आत आला. हातात पट्टा, नजर यंत्रावर.

"जमलं का काही?"

मी त्याला सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"भाऊजी, बोला ना. नुसते ओठ काय हलवताय?"