उरलेला घोट

आधी हाक द्यायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

मी एकोडीची. आमच्या दारातल्या विहिरीत भर उन्हाळ्यातही पाणी. बादली सोडायची, ओढायची, झालं. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात गोदावरी आत्याचा हात मोडला, म्हणून मी तिच्या गावी, करडीच्या पलीकडे, मदतीला गेले. आणि पहिल्याच सकाळी गावविहिरीत धाडकन बादली सोडली.

"अवो बाई! डोस्कं फोडता काय?"

बाप्पा रे! मी दचकून मागे सरले. बायका खो खो हसल्या. वाकून पाहिलं, तर पार तळाशी एक माणूस उकिडवा बसलेला. खडकाच्या फटीतून झिरपणारं पाणी तो वाटीनं गोळा करत होता. गावच्या तलावाची पाळ फुटली होती. तलाव रिता झाला, आणि त्याच्या ओलीवर जगणाऱ्या विहिरी एकेक करून आटल्या. उरली ही एकच. गावातली जवान पोरं आळीपाळीनं खाली उतरत आणि बायकांच्या बादल्या वाटीवाटीनं भरून देत.

"खाली कोणी हाये काय, असं इचारा लागते," तो म्हणाला. "कोणत्या गावच्या तुमी?"

"एकोडीची."

"पाणीवाल्या गावची! तरीच."

असा रागच आला मला! पण दुसऱ्या दिवशी वाकून हाक दिली, "खाली कोणी हाये काय?"

"तुमचीच वाट पाहून राहिलो जी."

त्याचं नाव टेकचंद. चेहरा नीट दिसायचा नाही, नुसता आवाज वर यायचा. विहिरीत बोललेलं साऱ्या बायकांना ऐकू जायचं, म्हणून जपून बोलायचं.

"माह्याच बादलीले इतका वेळ काहून लागते?"

"गाळून भरतो. एकोडीच्या लोकायले गढूळ चालत नसन."

"मले चालते."

खालची वाटी थांबली. "...काय चालते?"

"पाणी! दुसरं काय?"

माझे कान तापले होते. बरं झालं, तो खाली होता.

एका संध्याकाळी तो फुटक्या पाळीवर भेटला. पापण्यांवर चिखल सुकलेला, मनात धरला होता त्यापेक्षा ठेंगणा... तरी मला दुसरीकडे पाहावेना.

"रोजगार हमीत पाळीचं काम मंजूर झालं," तो म्हणाला. "तलाव भरला का विहिरीले पाणी येईन. पण तवर या गावात कोणी पोरगी देत नाई. बरोबरच हाये त्यायचं."

"आन् एखादी आपल्या मनानं आली तं?"

त्यानं मान वर केली नाही. "तिले म्हणीन... घरी जाय."

मी रडत घरी आले. आत्यानं सगळं ओळखलं.

चार दिवसांनी बाबा न्यायला आले. आत्यानं गूळ-पाणी दिलं. बाबा अर्धा गिलास प्याले आणि उरलेलं, आमच्या घरच्या सवयीनं, आंगणात भिरकावलं. आत्या बघत राहिली. शेजारच्या कुंताबाईनं तोंडाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आत्यानं टेकचंदची गोष्ट काढली, तसे बाबा उसळले. "बहीण इथं देली तवा तलाव भरला राये. आज पाणी ओढता ओढता तिचा हात मोडला. माही पोरगी नाई देत मी! रुखमा, कपडे भर."

"बाबा, आधी माह्यासंगं चाला."

त्यांचा हात धरून मी त्यांना विहिरीवर नेलं. "पाहा."

बाबा वाकले. खाली टेकचंद फटीला वाटी लावून बसला होता. बाबा किती तरी वेळ पाहत राहिले.

"तुमी आंगणात फेकलं ना, ते असं जमते, बाबा."

त्यांचा चेहरा उतरला. "मले मालूम नव्हतं वो माय."

"आपल्याकडं उरलेलं फेकतात. इथं घोटभर पाणी कोणी फेकत नाई. हे लोक तुमच्या पोरीले फेकतीन काय?" मला हुंदका आला, तरी बोललेच. "माहं मन त्याच्यावर बसलं, बाबा. घरी जाय म्हणाला, तरी बसलं."

खाली वाटीचा आवाज थांबला होता. त्यानं सारं ऐकलं होतं.

बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. काठावरचा दोर घेतला, बादली खाली सोडणार, तोच थांबले. वाकून म्हणाले, "खाली कोणी हाये काय?"

"हाव जी... मी टेकचंद."

"भर बाप्पा, सावकाश भर. मंग वर ये. सोयरिकीचं बोलणं बसून करा लागते."

बादली भरायला फार वेळ लागला. बाबा उन्हात उभे राहिले. ओढताना त्यांनी एक थेंब सांडू दिला नाही.