फळीवरची हाक

भाटवणीच्या खाडीच्या तोंडाशी होडी आली की बाबी तांडेल इंजिन बंद करतो, वल्हं उलटं धरतो आणि दांड्याने होडीच्या फळीवर ठोकतो. दोन ठोके लगोलग, मग जरा थांबून एक. थोड्याच वेळात गादे हजर! डॉल्फिनला इकडे गादा म्हणतात. पर्यटक किंचाळतात, फोन उंचावतात, आणि बाबी असा ऐटीत बसतो की जणू ही सगळी त्याच्याच सोयऱ्यांची जत्रा.

यंदा या खेळात एक नवी भर पडली होती. होडीत चढताना प्रत्येकाला कानात घालायला शेंगदाण्याएवढी कुडी मिळे. होडीच्या तळाला बसवलेला शीळवाचक पाण्यातले आवाज टिपायचा आणि कुडी कानात सांगायची, "डावीकडे ढवळी आहे. तिच्यामागे तिची मोठी लेक." ढवळी हे कळपातल्या एका मादीला गावाने ठेवलेलं नाव. प्रत्येक गाद्याची स्वतःची एक शीळ असते आणि तीच त्याचं नाव असते. आईला पिल्लू हवं असलं की ती पिल्लाचीच शीळ घालून त्याला बोलावते. एवढं शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. पण पाण्यातल्या त्या गलक्यातून कोण कोणाला हाक मारतंय हे वेगळं काढणारं यंत्र ओवी सारंगने बनवलं. ओवी भाटवणीचीच पोर, आता विद्यापीठात संशोधन करणारी. यंत्राची पहिली चाचणी आपल्याच खाडीत व्हायला हवी, हा हट्टही तिचाच.

गावाला तर दिवाळी आल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी गादा मंडळाचा रौप्यमहोत्सव होता, मंत्री येणार होते. मंडळ म्हणजे अर्थातच शालनवैनी मेतर. पंचवीस वर्षांपूर्वी ओहोटीला गाद्यांचा अख्खा कळप खाडीच्या चिखलात अडकला, तेव्हा सगळा गाव बघत उभा होता आणि ही बाई लुगडं खोचून कमरेएवढ्या चिखलात उतरली होती. भरती चढेपर्यंत बायकांनी गाद्यांच्या पाठीवर ओली गोणपाटं धरली. मग बाबी होडी घेऊन पुढे झाला आणि फळी ठोकत ठोकत कळपाला समुद्रात घेऊन गेला. अकरा गादे वाचले. त्यानंतर खाडीच्या तोंडाशी जाळी बंद झाली, तिवरांची तोड थांबली, कासवांची अंडी राखली गेली, खडकावर पुन्हा प्रवाळ धरलं. आसपासच्या गावांनीही भाटवणीचा कित्ता गिरवला. हे सगळं मंडळाने करून दाखवलं, आणि कुणाच्या उपकारावर नव्हे.

एक पिल्लू मात्र त्या दिवशी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तिवरांच्या मुळांत सापडलं. शालनवैनीने ते आधी पुरलं, मग त्याची हाडं काढून, साफ करून, स्वतःच्या हाताने तारेत ओवली होती. तो सांगाडा मंडळाच्या सभागृहात व्यासपीठाच्या बरोबर वर टांगलेला असे. शाळेची मुलं आली की वैनी त्याच्याकडे बोट दाखवून गोष्ट सुरू करायची.

दुपारी वैनी आणि बाबी सभागृहात पताका लावत होते, तेव्हा ओवी आत आली आणि सांगाड्याखालच्या खुर्चीत मटकन बसली. वैनीने पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं.

मग तिने सांगायला सुरुवात केली. फळीवर ठोके पडले की यंत्र दर वेळी म्हणायचं, कोणीतरी नावाने हाक मारली. तिला वाटलं, यंत्राचा घोळ आहे, लाकडाच्या आवाजाला ते शीळ समजतंय. म्हणून तिने ठोके गाळून फक्त गाद्यांचं ऐकलं. तेव्हा कळलं की ठोके पडताच ढवळी एक शीळ घालते. दोन आखूड, मग थांबून एक. ती शीळ खाडीतल्या कुठल्याच गाद्याची नव्हती.

"मग मी आपली जुनी चित्रफीत यंत्राला ऐकवली," ओवी म्हणाली. "गादे चिखलात अडकले त्या दिवशी कुणीतरी काढलेली. त्यात एक पिल्लू सारखं ओरडतंय, वैनी. दोन आखूड, मग एक. ते स्वतःचं नाव सांगत होतं. मी इथे आहे, मी इथे आहे."

बाबी शिडीवर होता. तो तिथेच थांबला. मग हळूहळू उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

त्याला सगळं आठवत होतं. मासे जाळ्याकडे हाकायला इथले गाबीत मच्छीमार होडीची फळी ठोकतात, तशी त्याने त्या दिवशी वाट्टेल तशी ठोकून पाहिली होती, पण एकही गादा हलेना. एवढ्यात गाद्यांच्या आरडाओरड्यातला एक ताल त्याच्या कानात बसला आणि सहज, अगदी सहज, त्याने तोच ताल फळीवर धरला. ढवळीने तोंड वळवलं. ती होडीमागे निघाली आणि तिच्यामागे सगळा कळप. ठोके कामी आले, या आनंदात बाबीने तोच ताल कायम ठेवला. पंचवीस वर्षं, रोज, प्रत्येक फेरीला.

"ओवी, माका खरा काय तां सांग," तो म्हणाला. "ती कित्याक येता?"

ओवीने वर सांगाड्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. "शोधायला, बाबीदा."

वैनीच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या फेऱ्या उभ्या राहिल्या. होडीला खेटून पोहणारी ढवळी, होडीखालून पुन्हा पुन्हा जाणारी, फळीला नाक लावणारी. बघा किती माया आहे हिला माणसांची, असं वैनी स्वतः मुलांना सांगत आली होती. देवा रे, काय करून बसलो आपण! पिल्लू होडीत आहे असं वाटून ती माय खाडीबाहेर गेली, म्हणून कळप वाचला. आणि पिल्लू मागे, तिवरांत, हाका मारत राहिलं.

"इतकी वर्सां आमी तिका फसयलाव," बाबी म्हणाला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

वैनीने त्याला पायरीवरून उठवलं. ती शिडी चढली, तार सोडली आणि सांगाडा खाली घेतला. उद्या मंत्री, पाहुणे, सत्कार, याची ओवीने हळूच आठवण करून दिली. वैनीचा आवाज चढला. "सत्कार कसला गो? तिचं आहे ते तिला नेऊन देते आधी."

सकाळी भरतीला होडी निघाली तेव्हा किनाऱ्यावर मांडव सजला होता आणि लाउडस्पीकर करकरत होता. होडीत तिघंच. खाडीच्या तोंडाशी बाबीने इंजिन बंद केलं आणि सवयीने वल्हं उलटं धरलं. मग ते त्याने मांडीवर आडवं ठेवलं. ठोका पडला नाही. पाणी बराच वेळ रिकामं राहिलं. आता ढवळी येईलच कशाला, असं वैनीला वाटायला लागलं.

ती आली. हाक नसताना आली, एकटी. वैनीने सांगाडा बांधलेली झोळी दोरीने पाण्यात सोडली. ढवळी तिच्याभोवती फिरली. शीळवाचकात टकटकाटाचा पाऊस पडला. गादे आवाजाने वस्तू चाचपतात, आतली हाडंसुद्धा. मग सगळं थांबलं. पाण्यातून एकच शीळ आली. दोन आखूड, मग एक. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही.

वैनीने दोरी सोडून दिली. तिला हुंदका आवरेना, आणि तिने तो आवरलाही नाही.

आता जाईल, असं तिघांनाही वाटत होतं. ढवळी गेली नाही. ती होडीसमोर येऊन थांबली आणि तिने एक लांब शीळ घातली, आजवर कधीच न ऐकलेली. दूर कळपातून एकाने तीच शीळ घातली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. ओवी यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली.

"नवं नाव आहे," ती पुटपुटली. "कुठल्या गाद्याचं नाही. होडीकडे तोंड करून घेतायत. आपलं आहे."

"काय म्हणतायत?" वैनीने विचारलं.

यंत्राला फक्त नाव कोणाचं, एवढंच कळत होतं, त्या नावाचा अर्थ नव्हे. किनाऱ्यावरून लाउडस्पीकर शालन मेतर, शालन मेतर असा पुकारा करत होता. वैनीचं तिकडे लक्ष नव्हतं. कळपाला वाचवणारे, की लेकरू मागे ठेवून हाकेने फसवणारे, यातलं कोणतं नाव आता ही माय आपल्या लेकींना शिकवणार होती?