मुंगीनं सोडलेली लढत

ती आत शिरली तेव्हा पावसानं केस निथळत होते, आणि सलूनवाला शटर ओढायच्या बेतात होता.

"वेण्या घालून मिळतील? घट्ट, डोक्याला चिकटून. उद्या मारामारी आहे."

"कोणाशी?"

"नाव माहीत आहे. भेट उद्याच होईल."

त्याचा हात शटरवरच थांबला... मग तो हसला आणि टॉवेल पुढे केला.

एरवी तिच्या वेण्या मामेबहीण घालायची, पण ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. गुद्दे, लाथा, कुस्तीचे डाव, सगळं चालणारा हा खेळ. जाळीच्या पिंजऱ्यात केस डोळ्यांवर आले, की कारभार आटोपलाच! चौदा वर्षं ती हेच करत होती. आई गेल्यावर मामानं वाढवलं, त्यानंच शिकवलं. चण एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे.

"दुखतंय का?" केसांचा पेड ओढताना त्यानं विचारलं.

"मला? अहो, माझं नाक दोनदा मोडलंय."

"म्हणून काय वेणी दुखत नाही?"

असं तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. तिनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं, आणि झटकन नजर खाली घेतली. भल्याभल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे पापणी न हलवणारी ती!

ती लढत जिंकली. पुढच्या लढतीआधी पुन्हा आली. मग लढत नसतानाही येऊ लागली.

"केस वाढलेत."

"चार दिवसांत?"

"माझे वाढतात. तुला काय करायचंय?"

'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्याची बोटं केसांतून फिरायची आणि ती गोष्टी सांगत राहायची. पहिल्या लढतीत घंटा वाजताच घाबरून तिनं पंचालाच मिठी मारली होती, ती गोष्ट तर तिची फार लाडकी. तो खो खो हसायचा.

एका दुपारी ती हीच गोष्ट रंगवून सांगत होती, आणि आरशात तिला दिसलं... शेवटचं वाक्य तिच्याआधी त्याच्या ओठांवर आलं होतं.

"हे मी आधी सांगितलंय?"

त्यानं कंगवा खाली ठेवून मान डोलावली.

"कितीदा?"

"आजची... पाचवी वेळ."

"मग दर वेळी हसतोस कशाला?"

"तू सांगताना इतकी खुलतेस, म्हणून."

सकाळची डोकेदुखी, सरावातले विसरलेले डाव, हे सगळं तिनं मामापासूनही लपवलं होतं. आता स्वतःपासून लपवायला जागा उरली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूची तपासणी केली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "यापुढे डोक्याला एकही फटका नको." विजेतेपदाची लढत दीड महिन्यावर आली होती. अशी संधी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

मामा खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "उतरलीस तर मी पिंजऱ्याबाहेर तुझ्या कोपऱ्यात उभा आहे. नाही उतरलीस... तरी आहेच."

ती तडक सलूनमध्ये गेली, खुर्चीत बसली. "घाल वेण्या. आजपासूनच सराव. उतरतेय मी."

त्यानं कंगवा हातात घेतलाच नाही. "नाही घालणार. या डोक्यावर कोणी गुद्दे घालणार, आणि ते मी माझ्या हातांनी तयार करून पाठवू? रागाव हवं तर."

"तुझ्यावाचून काही अडत नाही माझं!" दार आपटून ती गेली.

आठ दिवस फोन नाही, काही नाही. नवव्या दिवशी ती दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण मारानं नव्हे.

"सोडली लढत."

तो पुढे झाला, तसा तिनं हात आडवा धरला. "तुझ्यासाठी नाही सोडली. तसं मानलं, तर जन्मभर तुझा राग राग करीन."

"थोडा करशीलच."

"हो... थोडा करणारच आहे."

लढतीच्या संध्याकाळी तिघं मामाच्या घरी टीव्हीपुढे बसले. तिच्या जागी उतरली होती तिच्याच सरावातली धाकटी जोडीदारीण. चौथ्या फेरीत त्या पोरीनं मागून मानेभोवती हात टाकून गळा आवळला. तोच डाव, जो मुंगीनं तिला महिनोन्‌महिने घोटून शिकवला होता. समोरचीनं हार मानली. पोरीच्या कमरेला विजेतेपदाचा पट्टा चढला.

मामा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला.

सलूनवाल्यानं हळूच रिमोट उचलला.

"राहू दे," ती म्हणाली. "बघायचंय मला."

पोरगी रडत, हसत मिरवत होती. ते सगळं तिनं शेवटपर्यंत पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे. माझंही आहे... पण आज ते पुरत नाहीये रे."

"नाही पुरणार," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

आत नळ अजून वाहत होता.